जवळच्या डिव्हाइसचा थेट वायरलेस संवाद आणि त्याचं शेड्युलिंग

दोन मोबाईल एकमेकांपासून दहा मीटरवर आहेत, एकातला व्हिडिओ दुसऱ्याला पाहिजे, आणि तो व्हिडिओ आधी लांबच्या टॉवरला जातो, तिथनं कंपनीच्या नेटवर्कमधे फिरतो, परत त्याच टॉवरवर येतो आणि मग शेजारच्या मोबाईलवर उतरतो. हा सगळा फेरा टाळून एका डिव्हाइसने दुसऱ्याशी सरळ बोलायचं याला डिव्हाइस-टू-डिव्हाइस किंवा थोडक्यात डी-टू-डी संवाद म्हणतात. अशा पाच-पन्नास जोड्या एकाच परिसरात असतील तर कोणी कधी, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आणि किती पॉवरने पाठवायचं हे ठरवणं म्हणजे डी-टू-डी शेड्युलिंग. ब्लूटूथ, वाय-फाय डायरेक्ट, एलटीई (४जी) आणि ५जी मधली साईडलिंक (मोबाईल नेटवर्कमधली डिव्हाइस-ते-डिव्हाइस थेट लिंक), गाड्यांचे आपसातले मेसेज, या सगळ्यात हा प्रश्न येतो आणि प्रत्येकाने तो आपापल्या पद्धतीने सोडवलाय.

शेड्युलिंग म्हटलं की डोळ्यासमोर रांग येते, म्हणजे आधी हा मग तो. टॉवरच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं आहे कारण तिथे सगळ्यांना एकाच ठिकाणी पोचायचं असतं. डी-टू-डीमधे प्रत्येक जोडीचा पाठवणारा वेगळा आणि ऐकणारा पण वेगळा, त्यामुळे इथे "पुढचा नंबर कोणाचा" यापेक्षा "कोण कोण एकाच वेळी बोललं तर चालेल" हा प्रश्न मोठा. लांब लांबच्या जोड्या एकाच क्षणी एकच फ्रिक्वेन्सी वापरू शकतात आणि डी-टू-डीचा खरा फायदा तिथेच आहे, नुसता टॉवरचा फेरा वाचला एवढ्यापुरता तो नाही.

एकत्र बोलायचं की पाळीने, याचा हिशोब

समजा दोन जोड्या आहेत, प्रत्येकीत पाठवणारा आणि ऐकणारा 10 मीटरवर, आणि एकटी जोडी चालू असताना सिग्नल गोंगाटाच्या 1000 पट म्हणजे 30 डेसिबल वर आहे. चॅनेलमधनं जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते हे सांगणाऱ्या शॅननच्या सूत्राने दर हर्ट्झमागे सेकंदाला साधारण 10 बिट जाऊ शकतात. पाळीपाळीने बोलल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला त्याचं अर्धं, म्हणजे जवळपास 5. आता दोघी एकदमच बोलल्या आणि दुसऱ्या जोडीचा पाठवणारा आपल्या ऐकणाऱ्यापासून 30 मीटरवर असेल तर, सिग्नल अंतराच्या चौथ्या घाताने कमी होतो असं धरलं की, त्याचा त्रास आपल्या सिग्नलच्या 81 पट कमी असतो, आणि हिशोब केला की प्रत्येकीला सव्वासहा बिटच्या आसपास मिळतात. म्हणजे एकत्र बोलणं फायद्याचं. पण तोच त्रास देणारा 20 मीटरवर आला की फरक फक्त 16 पट उरतो, मिळतात चारेक बिट, आणि मग पाळी लावणंच बरं पडतं. दोघी सारख्याच असतील तर सीमारेषा ढोबळमानाने अशी की आपला सिग्नल आणि दुसऱ्याचा त्रास यातलं अंतर डेसिबलमधे आपल्या सिग्नलच्या गोंगाटावरच्या उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त पाहिजे, इथे म्हणजे 15 डेसिबल. हे उदाहरण मुद्दाम सविस्तर दिलं कारण 20 आणि 30 मीटर एवढ्याशा फरकाने उत्तर उलटं होतं, त्यामुळे "जवळ असेल तर थांब" असला ठोकळ नियम इथे पुरत नाही.

दोन जोड्यांचं ठीक आहे. 20 जोड्या असल्या तर कोणाला चालू ठेवायचं याचे पर्याय होतात 10,48,576 आणि 50 असल्या तर हजार लाख कोटींच्या पुढे, आणि निर्णय घ्यायला वेळ किती तर एलटीईत सबफ्रेमच, म्हणजे वेळेचा एक तुकडा, एक मिलिसेकंदाची. ज्या जोड्यांचं एकमेकांशी जमत नाही त्यांच्यात रेघ ओढून नकाशा केला तर त्यातला सगळ्यात फायदेशीर बिनभांडणाचा गट शोधणं हे ग्राफ थिअरीतल्या स्वतंत्र संचाच्या प्रश्नासारखंच होतं, आणि तो एनपी-हार्ड, म्हणजे झटपट अचूक सोडवायची कुठलीही पद्धत माहीत नसलेला, म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणून प्रत्यक्षात कुठलीच सिस्टिम शंभर टक्के बरोबर उत्तर शोधत बसत नाही, बऱ्यापैकी चांगलं उत्तर झटकन मिळालं की पुढे.

कुठला गट निवडायचा याचं तत्त्व मात्र 1992 मधे लिअँड्रोस टासिउलास आणि अँथनी एफ्रेमिडीस यांनी मांडलं ते अजून पाया म्हणून वापरतात. प्रत्येक लिंकची साठलेली रांग गुणिले तिचा स्पीड असं वजन काढायचं आणि ज्या गटाचं एकूण वजन सगळ्यात जास्त त्याला संधी द्यायची. एवढ्याने, नेटवर्कला जेवढा लोड झेपणं मुळात शक्य आहे तेवढा झेपतो हे त्यांनी सिद्ध केलं. सुंदर आहे, पण दर वेळी तोच वरचा अवघड प्रश्न सोडवायला लागतो आणि सगळ्यांच्या रांगा एका जागी माहीत लागतात. पुढे 2010 मधे लिबिन जियांग आणि जीन वालरँड यांनी दाखवलं की प्रत्येकाने फक्त स्वतःची रांग बघून आपला उतावळेपणा, म्हणजे बोलायची घाई, कमी-जास्त केला तरी हळूहळू त्याच पातळीच्या जवळ जाता येतं, एकमेकांना निरोप न देता. फक्त त्यात वाट बघण्याचा वेळ फार वाढू शकतो.

त्रास ऐकणाऱ्याला, निर्णय पाठवणाऱ्याकडे

ही या विषयाची गाठ आहे. टक्कर होते ती ऐकणाऱ्याच्या अँटेनावर, पण बोलायचं का नाही हे ठरवतो पाठवणारा, आणि त्याला आपल्या जागेवरचंच ऐकू येतं. वाय-फायसारखी "आधी ऐका, शांत असेल तर बोला" पद्धत म्हणूनच दोन्ही बाजूंनी चुकते. ऐकणाऱ्याच्या पलीकडे कोणी बोलत असेल तर पाठवणाऱ्याला ते कळतच नाही, याला हिडन टर्मिनल म्हणतात, 1975 मधे फुआद टोबागी आणि लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी तो नीट मांडला. उलट बाजूला, शेजारी कोणीतरी मोठ्याने बोलतंय म्हणून मी गप्प बसतो, पण माझा ऐकणारा आणि त्याचा ऐकणारा विरुद्ध दिशांना लांब आहेत, म्हणजे बोललो असतो तर कोणाचंच बिघडलं नसतं, हा एक्स्पोज्ड टर्मिनल. डी-टू-डीत हा दुसरा प्रकार जास्त महागात जातो असं माझं मत आहे, कारण एकत्र बोलण्याची संधी त्यात वाया जाते आणि कुठे एरर पण दिसत नाही, नुसता स्पीड कमी मिळतो.

फिल कार्न यांनी 1990 मधे सुचवलेल्या पद्धतीत पाठवणारा आधी छोटा "पाठवू का" मेसेज देतो आणि ऐकणारा "पाठव" म्हणतो, ते ऐकून आजूबाजूचे थांबतात. हिडन टर्मिनलला यातनं बराच आळा बसतो, पण आजूबाजूच्यांनी थांबायचं का नाही हे अजूनही "ऐकू आलं का नाही" यावरच ठरतं, किती त्रास होईल याचा हिशोब त्यात नाही.

तो हिशोब आणला फ्लॅशलिंकने. क्वालकॉममधे बनलेली ही सिस्टिम 2010 मधे जगासमोर आली. यात सगळे डिव्हाइस एका घड्याळावर चालतात आणि दर स्लॉटला जोड्यांचा प्राधान्यक्रम नव्याने पिसला जातो, म्हणजे कायम तीच जोडी खाली राहत नाही. आपल्या नंबरच्या जागेवर पाठवणारा एक बारीकसा टोन सोडतो. ऐकणारा आपल्या जोडीदाराचा टोन आणि वरच्या नंबरवाल्यांचे टोन यांची ताकद मोजतो आणि आपल्यालाच नीट ऐकू येणार नसेल तर उत्तरच देत नाही, पाळी सोडतो. जमणार असेल तर उत्तर देतो, पण त्या उत्तराची पॉवर उलटी असते, जोडीदाराचा सिग्नल जितका जोरात आला तितकं उत्तर हळू. यातली हुशारी अशी की हे उलटं उत्तर ऐकून खालच्या नंबरचा पाठवणारा बरोबर काढू शकतो की मी बोललो तर वरच्या जोडीच्या सिग्नलच्या तुलनेत माझा त्रास किती होईल, आणि जास्त होणार असेल तर तो स्वतः थांबतो. वेगळा निरोप नाही, आकडे पाठवणं नाही, नुसत्या टोनच्या ताकदीतनं ऐकणाऱ्याची बाजू पाठवणाऱ्यापर्यंत पोचते. मला तरी या सगळ्या विषयातली ही सगळ्यात देखणी कल्पना वाटते. अट एकच पण मोठी, सगळ्यांची घड्याळं जुळलेली पाहिजेत.

ब्लूटूथ आणि वाय-फाय

ब्लूटूथने हा प्रश्न लहान करून टाकला. छोट्या गटात एक मुख्य आणि जास्तीत जास्त 7 चालू जोडीदार, 625 मायक्रोसेकंदाचे स्लॉट, मुख्याने विचारल्याशिवाय बाकीच्यांनी बोलायचं नाही, आणि गट सेकंदाला 1600 वेळा चॅनेल बदलतो त्यामुळे शेजारच्या गटाशी टक्कर झालीच तर क्षणभराची. कमी पॉवरच्या ब्लूटूथमधे ओळख देणारे मेसेज ठराविक वेळाने जातात पण प्रत्येक वेळी 0 ते 10 मिलिसेकंदाचा रँडम उशीर मिसळतात, नाहीतर योगायोगाने एका वेळेवर आलेली दोन डिव्हाइस परत परत तिथेच आपटत राहतील. वाय-फाय अवेअरमधे सगळी डिव्हाइस साधारण दर 524 मिलिसेकंदाने फक्त 16 मिलिसेकंद एकत्र जागी होऊन शेजारी कोण आहे ते बघतात, बाकी वेळ रेडिओ झोपू शकतो, बॅटरीसाठी हे फार महत्त्वाचं.

साईडलिंक: टॉवर ठरवणार का डिव्हाइस

मोबाईल नेटवर्कमधे थेट संवाद ३जीपीपी या मोबाईलची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या रिलीज 12 (मानकांची आवृत्ती) पासून आला, मुख्यतः आपत्तीत टॉवर बंद पडला तरी बचाव पथकांना बोलता यावं म्हणून. यासाठी अपलिंकची, म्हणजे मोबाईलकडून टॉवरकडे जाणारी, फ्रिक्वेन्सी वापरतात, कारण तिथे त्रास झाला तर तो टॉवरला होतो आणि टॉवरला तो मोजता येतो, पॉवर कमी कर म्हणून सांगता येतं. दोन मोड ठेवले, मोड 1 मधे टॉवर जागा (म्हणजे कुठल्या वेळी कुठली फ्रिक्वेन्सी) वाटून देतो, मोड 2 मधे डिव्हाइस ठरलेल्या साठ्यातनं स्वतः रँडम उचलतं. टॉवरचं वाटप जास्त शिस्तीचं, पण प्रत्येक जोडीच्या मधलं चॅनेल कसं आहे हे टॉवरला आपोआप दिसत नाही, ते मोजून कळवायला लागतं आणि जोड्या वाढल्या की हे कळवणंच एक ओझं होऊन बसतं.

गाड्यांसाठी 2017 च्या रिलीज 14 मधे मोड 3 (टॉवर ठरवणार) आणि मोड 4 (गाडी स्वतः ठरवणार) आले. मोड 4 मधे गाडी मागच्या 1000 मिलिसेकंदात कोणी कुठली जागा वापरली ते लक्षात ठेवते, जोरात ऐकू आलेल्या आणि पुढे राखून ठेवलेल्या जागा वगळते, वगळून किमान 20 टक्के उरल्या नाहीत तर मर्यादा 3 डेसिबलने सैल करते, मग सगळ्यात शांत 20 टक्क्यांतनं एक रँडम निवडते आणि तीच जागा काही वेळा वापरत राहते. सेकंदाला 10 मेसेज असतील तर 5 ते 15 वेळा, म्हणजे अर्धा ते दीड सेकंद, आणि त्यानंतरही सेटिंगप्रमाणे 80 टक्क्यांपर्यंत शक्यतेने तीच जागा पुढे चालू.

याचा मोठा दोष इथेच दडलाय. रेडिओ पाठवत असताना ऐकू शकत नाही, त्यामुळे दोन गाड्यांनी एकच सबफ्रेम धरली तर त्या एकमेकींचं काहीच ऐकत नाहीत आणि आपली टक्कर चालू आहे हे दोघींनाही कळत नाही. सगळ्यांसाठी सोडलेल्या मेसेजला पोच पण नसते. एकटादुकटा मेसेज हरवला तर चालतं, पण ओळीने पाच-दहा हरवले तर तेवढा वेळ ती गाडी दुसरीच्या दृष्टीने रस्त्यावर नाहीच, आणि ज्या कामासाठी हे बनवलंय त्यात ही गंभीर गोष्ट आहे. जागा भराभर बदलल्या तर टक्कर लांबत नाही पण मग मागचं ऐकून पुढचा अंदाज बांधायचा आधारच कमकुवत होतो.

2020 च्या रिलीज 16 मधे ५जीच्या साईडलिंकला पोच द्यायची सोय मिळाली, एकाला किंवा ठराविक गटाला पाठवायची पण, शिवाय निवडलेली जागा वापरायच्या आधी परत तपासून सोडून देता येते. रिलीज 17 मधे बॅटरीवाल्या डिव्हाइससाठी सतत न ऐकता अधूनमधून ऐकायची मुभा दिली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आता एक डिव्हाइस दुसऱ्याला सांगू शकतं की माझ्या बाजूने या जागा चांगल्या आहेत आणि या नकोत, किंवा तू धरलेली जागा दुसऱ्याशी आपटणार आहे. म्हणजे ऐकणाऱ्याची बाजू इथे उघड निरोप म्हणून पाठवणाऱ्याकडे जाते. फक्त हा निरोप पण त्याच भरलेल्या साठ्यातनं जातो आणि वेगातल्या गाड्यांमधे तो पोचेपर्यंत आजूबाजूचे शेजारी बदललेले असू शकतात, म्हणून तो किती वेळा आणि कधी पाठवायचा याचंही परत शेड्युलिंगच करायला लागतं.