पाळणा गुलाबाचा, शिदोरी तुरीची

नोव्हेंबरच्या एका सकाळी परड्यात गेले आणि गावठी गुलाबाची पाने पाहून पोटात धस्स झाले. जवळजवळ प्रत्येक पानाच्या कडेला अर्धगोल काप. अळीने खाल्लेले पान ओबडधोबड दिसते, शिरांची जाळी उरते, खाली काळी लेंडी पडलेली असते. इथे त्यातले काहीच नव्हते. शर्टाच्या बटणाएवढा, स्वच्छ, गुळगुळीत काप. शेजारच्या आक्का कुंपणावरून डोकावल्या. "कोन तर कात्रीनं कापल्यागत दिसतंय बघ," म्हणाल्या. आक्कांचे माहेर निपाणीचे. लग्नाआधी कितीतरी वर्षे त्यांनी विड्या वळल्या. विडीचे पान मापाला कात्रीने कसे कापतात, ते त्यांच्या बोटांना अजून पाठ आहे.

मी मात्र कीड समजून बेळगावातल्या एका रोपवाटिकेतून औषधाची बाटली आणली आणि त्यांनी सांगितले तसे फवारले. कापलेली पाने दिसेनाशी झाली. पण महिना उलटायच्या आत कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांच्या देठांवर हिरवा मावा, म्हणजे रस पिणारी बारीक कीड, असा चढला की देठ दिसेना. औषध मारल्यावर कीड वाढावी, हे कोडे काही सुटेना. ते सोडवता सोडवता खानापूर तालुक्यातल्या या आमच्या परड्यात गुलाबापेक्षा त्याच्या आजूबाजूच्या झाडाझुडपांकडेच माझे लक्ष जास्त जाऊ लागले.

तो काप एका माशीचा होता. शास्त्रज्ञ तिच्या प्रजातीला मेगाकाइल म्हणतात, आपण पानकापी माशी म्हणू. आकाराने साधारण मधमाशीएवढी. पण तिचे मोहोळ नसते, राणी नसते, मधाचा साठा नसतो. प्रत्येक मादी एकटीने संसार मांडते. बांबूची पोकळ नळी, भुंग्याने लाकडात पाडून सोडलेले भोक, जांभ्याच्या चिऱ्यातली खाच अशी एखादी जागा ती धरते. मग पानाच्या कडेवर बसून, जबड्याची कात्री चालवत, अंग गोल फिरवत काही सेकंदांत तुकडा कापते आणि पायांत धरून उडून जाते. लांबट तुकडे भिंतीसाठी, गोल तुकडे झाकणासाठी. अशा दहा-पंधरा तुकड्यांची कुपी झाली की तिच्यात परागकण आणि मधुरस कालवून गोळा भरते, त्यावर एकच अंडे घालते, झाकण लावते आणि त्याला चिकटून पुढची कुपी सुरू करते. पानांच्या घड्यांमुळे आतला ओलावा टिकतो. गुलाबाचे पान पातळ आणि गुळगुळीत, त्यामुळे ते तिच्या खास आवडीचे. पण ती पान खात नाही, आणि चांगल्या वाढलेल्या झाडाला एवढ्याशा कापांनी काही होत नाही.

पाळणा गुलाबाच्या पानांचा झाला, पण पिल्लाची शिदोरी? पाळत ठेवल्यावर ती माशी मला आक्कांच्या बांधावरच्या तुरीवर सापडली. तुरीचे फूल हे या माशीसाठीच बेतल्यासारखे असते. खालच्या दोन पाकळ्या जुळून होडी झालेली, पुंकेसर तिच्यात लपलेले. माशी वर बसून जोर देते, होडी खाली दबते आणि केसर तिच्या पोटाला येऊन टेकतात. मधमाशी पराग पायांवरच्या टोपलीत भरते. पानकापीच्या पोटाखालीच केसांचा दाट कुंचला असतो, पराग थेट त्यातच अडकतो. तूर अस्सल इथली. तिची रानटी बहीण आजही बस्तर आणि ओडिशाच्या रानांत उगवते. परड्यात कुठली झाडे लावावीत, याचा माझा सगळा विचार त्या तुरीपाशी बदलला.

गुलाबावर तिला ही शिदोरी का मिळाली नाही, ते पाकळ्या मोजल्या की कळते. रानगुलाबाला बहुधा पाच पाकळ्या असतात आणि मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा भरघोस झुबका. गुलाबात मधुरस मुळातच नसल्यासारखा, माशीला मिळतात ते परागकणच. आता बाजारातला तीस-चाळीस पाकळ्यांचा गुलाब घ्या. त्या जास्तीच्या पाकळ्या बहुतांशी पुंकेसरांच्या जागी आलेल्या असतात. कळी घडताना कोणत्या वर्तुळात पाकळी व्हायची आणि कोणत्या वर्तुळात केसर, हे काही जनुके ठरवतात. केसर घडवणाऱ्या जनुकाचा अंमल फुलाच्या मध्याकडे आकसला की त्याने सोडलेल्या जागेत पाकळ्या उगवतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१० मध्ये गुलाबात हे दाखवून दिले. चिनी आणि युरोपीय अशा दोन्ही घराण्यांच्या भरगच्च गुलाबांत त्यांना हाच बदल दिसला. माणसाला फूल भरलेले वाटते तेव्हा माशीसाठी ते रिकामे झालेले असते.

दुसरा बदल याहून मोठा आहे. बहुतेक रानगुलाब वर्षातून एकदाच फुलतात. चीनमधल्या काही गुलाबांत फुलण्यावर लगाम ठेवणाऱ्या जनुकात डीएनएचा एक उडता तुकडा येऊन बसला आणि लगाम सुटला. ते गुलाब बारमाही फुलू लागले. युरोपात त्यांचा संकर झाला आणि त्या वंशातूनच १८६७ मध्ये 'ला फ्रान्स' हा गुलाब आला, 'हायब्रिड टी' नावाच्या संकरित घराण्यातला पहिला मानला जाणारा. आज रोपवाटिकांत मिळणारे बहुतेक मोठ्या फुलांचे गुलाब याच घराण्यातले. बारमाही फूल म्हणजे बारमाही कोवळा शेंडा, आणि मावा नेमक्या त्याच शेंड्याचा रस पितो. किडीला वर्षभर जेवण आणि किडीच्या शत्रूला मात्र उपवास, अशी निव्वळ गुलाबांच्या वाफ्याची स्थिती होते.

माझ्या बाटलीचे कोडे इथेच सुटले. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले घालते आणि ती पिल्ले आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्ले घालू लागतात. माव्याला खाणारा ढालकिडा अंड्यातून निघून पूर्ण वाढायला तीन-चार आठवडे घेतो. फवारणीत दोघेही मेले, तरी चुकून उरलेला मावा महिन्याभरात तीन पिढ्या पुढे गेलेला असतो. मुंगळे त्याला आणखी साथ देतात. माव्याच्या अंगातून निघणाऱ्या गोड पाझरासाठी ते ढालकिड्यांना हुसकावतात.

ढालकिड्याची अळी मोठी होईपर्यंत शेकडो मावे फस्त करते. फुलांपुढे हवेत एका जागी तरंगणारी पट्टेरी माशी दिसते, तिची अळीही मावा खाते. पण मोठी झालेली ती माशी फुलांवर जगते, आणि तिचे तोंड आखूड. खोल नळीचे फूल तिच्या कामाचे नाही. तिला कोथिंबीर, बडीशेप, ओवा यांची उघडी, बारीक फुले लागतात. मी कोथिंबिरीचा अर्धा वाफा आता खुडत नाही, फुलू देते. गुलाबाच्या देठावर मध्येच फुगलेले, तपकिरी, कागदासारखे मावे दिसले तर मी ते पुसत नाही. आतमध्ये एका अगदी बारीक गांधीलमाशीची अळी वाढत असते.

या पाहुण्यांनी वर्षभर टिकायचे, तर त्यांना वर्षभर काहीतरी फुललेले हवे. परदेशी बागांची चित्रे पाहून आणलेली रोपे इथे उपयोगाची नाहीत. आपल्या रानाचे स्वतःचे पंचांग आहे. पावसात तेरडा आणि तुंबा. पाऊस सरला की पिवळी कोरांटी, खुळखुळा, तूर. थंडी ओसरताना धायटी लाल होते, तिच्या मधुरसासाठी शिंजीर भांडतात. मग करवंदाची पांढरी फुले, आणि वळवाच्या सुमाराला कुडा. निर्गुडी मधूनमधून फुलतच असते. घाणेरीवरही फुलपाखरे येतात हे खरे, पण परदेशातून आलेल्या या झुडपाने आपली राने गिळली आहेत, तिला मी परड्यात थारा देत नाही.

कुंपणाला करवंदाची जाळी आहे आणि तिच्यावर मी एक वेली गुलाब सोडला आहे. दोघेही काटेरी, पण काट्यांची जात निराळी. करवंदाचा काटा म्हणजे मुळात फांदीचा अंकुर, आत लाकूड असलेला. तो मोडायला जोर लागतो. गुलाबाचा काटा ही नुसती सालीवरची वाढ. अंगठ्याने बाजूला दाबला की टक्कन निघतो. गुलाबाचा काटा खाली वाकलेला असतो आणि त्याचा आकडा करून लांब फांद्या शेजारच्या झाडावर अडकत चढतात. बांबू-सुतळी न लावता माझा गुलाब दोन पावसाळ्यांत करवंदीच्या डोक्यावर गेला.

गुलाबात इतर झाडांची मिसळ करायची म्हणजे सगळे एकमेकांत दाटून लावायचे नाही. इथे आपल्या पावसाचा हिशेब पहिला. गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीला पान सलग सात-एक तास ओले लागते. मलप्रभेचा उगम जिथे आहे त्या कणकुंबीकडून येणारा जुलैचा पाऊस तिला दिवसच्या दिवस ओले पान देतो. गळलेल्या रोगट पानांवरून थेंबांच्या शिंतोड्यांबरोबर बुरशीचे बीज वर उडते. त्यामुळे उंच झुडपे गुलाबापासून दोन-अडीच हात लांब, कडेला, आणि वाऱ्याची वाट मोकळी. पायाशी मात्र जमीन झाकलेली हवी, आणि इथे तेरड्याइतके चांगले झाड मला सापडलेले नाही. शेंगेला बोट लावले की ती फटकन फुटून बी उडते, दरवर्षी आपोआप उगवतो, मातीवर आदळणारे थेंब झेलतो. गौरीला हवा तेवढा तोडायचा, खोडाजवळचा वीतभर उपटून काढायचा, बाकी राहू द्यायचा. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, तरी त्याचा मुक्काम पावसाळाभर असतो. ऑक्टोबरमध्ये गुलाबाची छाटणी येते, नेमका तेव्हाच तो वाळून जागा मोकळी करतो.

छाटणीनंतर थंडीत भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, येते, आणि तिचा स्वभाव अगदी उलटा. कोरडे पान, उबदार दिवस, दमट गार रात्र तिला मानवते. तिच्या बीजाला रुजायला पानावर पाण्याचा थेंब लागत नाही, उलट साचलेल्या पाण्यात ते मरते. म्हणून बेळगावच्या डिसेंबरात मी सकाळी लवकर पानांवर पाणी मारते, उन्हाने ती तासाभरात सुकतात. जुलैत हेच केले असते तर काळ्या ठिपक्यांना आमंत्रण ठरले असते.

मातीबद्दल थोडेच सांगते. आमच्याकडची तांबडी, जांभ्याची माती किंचित आंबट, ती गुलाबाला रुचते. शेणखत मात्र भरपूर द्यावे लागते, पावसात सत्त्व वाहून जाते. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर मातीत लोह नाही असे समजू नये. ते असते, पण चुन्यामुळे मुळांना उचलता येत नाही. तिथे उंच गादीवाफा करून भरपूर कुजलेले खत घालणे बरे.

पाकळ्यांचे मला वाईट वाटत नाही, गावठी गुलाबाच्या गुलकंदाशिवाय आमचा उन्हाळा जात नाही. पण सह्याद्रीच्या दक्षिणेकडे, निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत पांढरा, पाच पाकळ्यांचा रानगुलाब वेलीसारखा चढतो. त्याच्यासारख्या एकेरी, पिवळा झुबका उघडा ठेवणाऱ्या गुलाबांना रोपवाटिकांत जागा मिळायला हवी. कोडाईकनालच्या वीरराघवन दांपत्याने मणिपूरचा रानगुलाब आणि गंगेच्या खोऱ्यातला पाणथळ जागी वाढणारा रानगुलाब घेऊन आपल्या उष्ण हवेत तगणारे संकर केले, ते मला फार मोलाचे वाटते.

गेल्या दिवाळीत मी पडवीच्या वाशांना करंगळीएवढ्या भोकाच्या बांबूच्या नळ्या बांधल्या. जानेवारीपर्यंत चार नळ्यांची तोंडे हिरव्या गोल झाकणांनी बंद झाली. मार्चमध्ये एक झाकण आतून कुरतडलेले दिसले. ती नळी रिकामी झाल्याची खात्री करून मी हळूच चिरली. आत एकामागे एक सहा कुप्या, गुलाबाची पाने वाळून तपकिरी झालेली, एकीच्या तळाशी चिमूटभर पिवळी पूड उरलेली. त्या तशाच ओंजळीत घेऊन आक्कांकडे गेले. त्यांनी एक कुपी दोन बोटांत धरली, फिरवली, नखाने घडी तपासली.

"इडीच की गं ही," म्हणाल्या. मग पुन्हा एकदा पाहून, "हात बरा हाय हिचा. कुठं सैल न्हाई सोडल्यान."