पाटातली हराळी आणि किसिमीचा पूर

रात्री उभं राहून दारं धरलेल्या माणसाला नदीशास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. पाटात हराळी माजली की पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं आणि बांध फोडून भलत्याच वाफ्यात शिरतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या किसिमी नदीकाठच्या लोकांची भीती हीच होती.

ही नदी पूर्वी 166 किलोमीटर वळणं घेत ओकीचोबी तळ्याला मिळायची. 1947 मध्ये वादळी पुरांनी मुलूख बुडवला. मग 1962 ते 1971 दरम्यान लष्करी अभियंत्यांनी तिचा 90 किलोमीटरचा कालवा करून टाकला, 9 मीटर खोल आणि 90 मीटर रुंद. दलदल सुकली, तिथे गुरं चरू लागली, पाणपक्षी निघून गेले. पुढे कालवा बुजवून नदीला वळणं परत द्यायचं ठरलं, तेव्हा काठावरचे काहीजण विरोधात उभे राहिले.

अशा विरोधाला अडाणी म्हणायची आपल्याला सवय आहे. पण निम्मं गणित त्यांच्या बाजूने आहे.

नदीचा एकूण उतार सुमारे 11 मीटर. 166 किलोमीटरवर पसरला तर किलोमीटरला 7 सेंटीमीटर, 90 वर 12. पाटा-नदीतल्या पाण्याचा वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात वेग उताराच्या वर्गमूळावर ठरतो, म्हणजे नुसतं सरळ केल्याने वेग साधारण 1.35 पट. खरी गंमत खडबडीतपणाची, म्हणजे हराळीची. साफ कालव्यासाठी हा आकडा 0.03 च्या आसपास धरतात, झाडोऱ्याच्या पूरमैदानासाठी 0.1. रुंद पात्रात प्रवाह खोलीच्या 5/3 घाताने वाढतो. म्हणून खडबडीतपणा तिप्पट झाला, तर तेवढंच पाणी तेवढ्याच रुंदीतून न्यायला खोली 3 च्या 3/5 घाताइतकी, जवळजवळ दुप्पट लागते. घाबरायला एवढं पुरे.

मात्र ‘तेवढ्याच रुंदीतून’ ही अट इथे लागू नाही. किसिमीचं पूरमैदान दीड ते तीन किलोमीटर रुंद आहे. पाणी चढण्याऐवजी पसरतं, रेंगाळतं, त्यामुळे खालच्या अंगाला पुराचा माथा बुटका होतो. मधल्या, म्हणजे मैदानातल्या माणसाकडे पाणी चढतं थोडं, पण मुक्काम लांब. ज्याची जमीन त्या मैदानात, त्याला हा हिशेब गोड कसा लागावा?

आपल्याकडे नदी कोपली म्हणून तिची ओटी भरतात आणि पूर ओसरला की पोकलेन लावून ओढ्याची वळणं काढतात. ओटीने पूर इंचभरही उतरत नाही. पोकलेनने तो खालच्या गावाला लवकर पोचतो, आणि त्या कामावर पाटी मात्र ‘पुनरुज्जीवन’ अशी.

किसिमीचं काम 1999 ला सुरू झालं, 2021 ला संपलं. 1 लाख एकरांहून जास्त जमीन सरकारने घेतली. कालवा बुजवला तो फक्त मधला, सुमारे 35 किलोमीटर. पुराच्याच धास्तीने वरच्या आणि खालच्या टोकाला तो दरवाज्यांसकट तसाच ठेवला आहे.