पहिली पाळी कशाची खूण असते?

पाळी सुरू झाली की मुलगी ‘वयात आली’ असं आपण म्हणतो. शब्दच असा आहे, की काहीतरी पुरं झालं, पिकून तयार झालं असं वाटावं. जिथे मुलींची लग्नं लवकर उरकतात, तिथे बऱ्याचदा याच दिवसानंतर घरात स्थळांची कुजबुज सुरू होते. शरीराला मात्र या दिवशी काहीच पुरं झाल्यासारखं वाटत नाही.

मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती पाळी येण्याच्या आधी. पाळी येते तेव्हा हा वेग ओसरू लागलेला असतो, पण थांबलेला नसतो. त्यानंतरही साधारण ५ ते ७ सेंटिमीटर उंची वाढायची असते. कंबरेच्या हाडांचं कडं, म्हणजे श्रोणी, तर उंचीच्याही मागे रेंगाळते. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किशोरवयीन मुलींच्या क्ष-किरण चित्रांवरून श्रोणीची मापं घेतली होती. मुलगी जवळजवळ पूर्ण उंच झालेली असली, तरी बाळ ज्या वाटेने बाहेर येतं ती वाट अजून अरुंदच असते, असं त्यात दिसलं. २०१६ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी सीटी स्कॅनच्या आधारे जन्मापासून म्हातारपणापर्यंतची श्रोणी तपासली. वयात येईपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या श्रोणींची वाढ बरीचशी सारख्याच वाटेने जाते. पुढे मुलींची श्रोणी रुंदावत जाते आणि बाळंतपणाला सर्वांत सोयीचा आकार तिला येतो तो पंचविशी ते तिशीच्या दरम्यान. पाळी म्हणजे या लांबच्या प्रवासातलं एक सुरुवातीचं स्थानक.

ही वाट अरुंद असताना प्रसूती झाली तर काय होतं? बाळाचं डोकं अडतं. वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर ते एक-दोन दिवस, कधी त्याहूनही जास्त काळ, आईच्या हाडावर दाबून राहतं. मधल्या मऊ भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग मरतो, गळून पडतो आणि योनी व मूत्राशय यांच्यामध्ये भोक पडतं. याला फिस्टुला म्हणतात. बाळ बहुतेकदा दगावतं. आईची लघवी मात्र त्या दिवसापासून अखंड ठिबकत राहते, आणि वासामुळे तिला घरातल्याच माणसांपासून दूर बसावं लागतं. हे दुखणं फार जुनं आहे. इजिप्तमधल्या हेनहेनित नावाच्या, चार हजारांहून जास्त वर्षं जुन्या ममीमध्येही ते सापडलं आहे, आणि तिची श्रोणीही अरुंद होती. आज जिथे सिझेरियनची सोय हाताशी आहे, तिथे फिस्टुला जवळजवळ दिसत नाही. जिथे नाही तिथे तो अजूनही आहे. इथिओपियात कॅथरिन आणि रेजिनाल्ड हॅमलिन या डॉक्टर दांपत्याने १९७४ साली आदिस अबाबात फक्त याच आजारासाठी रुग्णालय उभारलं, आणि तिथे येणाऱ्यांत कोवळ्या वयात पहिलटकरीण झालेल्या मुली पुष्कळ असत.

दुसरी गोष्ट कमी भीषण, पण विचार करायला लावणारी आहे. गरोदरपणात आई स्वतःच्या वाट्यातून बाळाला पोसते, असं आपण धरून चालतो. आईच अजून वाढत असेल तर? अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या कॅम्डेन शहरात किशोरवयीन गरोदर मुलींची वाढ मोजली गेली. ज्यांची स्वतःची वाढ चालू होती त्यांचं वजन गरोदरपणात चांगलं वाढलं, तरी त्यांची बाळं सरासरी दीडशे ग्रॅम हलकी निघाली. खाल्लेलं अन्न वारेपर्यंत, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवापर्यंत, पोचण्याआधी आईच्याच अंगी लागत होतं. स्कॉटलंडमध्ये तरुण मेंढ्यांवर प्रयोग झाले, त्यांचा निष्कर्ष तर आणखी उलटा वाटणारा आहे: वाढत्या वयातल्या गाभण मेंढीला भरपूर खायला घातलं, तर ती स्वतः भराभर वाढते, वार लहान राहते आणि कोकरू खुरटतं. ‘चांगलं खाऊ घालू, मग काही होत नाही’ या समजुतीला मेंढ्यांनी दिलेलं हे उत्तर.

इथे एक शंका रास्त आहे. लवकर लग्न झालेल्या मुली बहुतेकदा गरीब घरातल्या, दवाखान्यापासून लांब राहणाऱ्या, आधीच शाळा सुटलेल्या असतात. मग त्यांचं पुढचं नुकसान लग्नामुळे होतं की गरिबीमुळे? औषधाची चाचणी करताना चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना गोळी देता येते. चिठ्ठ्या टाकून कुणाचं लग्न लावता येत नाही. एरिका फील्ड आणि अटिला अँब्रस या अर्थतज्ज्ञांनी यावर जी युक्ती काढली ती मला फार आवडते. त्यांनी बांगलादेशातली माहिती घेतली आणि पाळीच्याच वयाकडे चिठ्ठी म्हणून पाहिलं. पाळी बाराव्या वर्षी येणार की चौदाव्या, हे बरंचसं निसर्ग ठरवतो, बापाची ऐपत नाही (लहानपणीच्या कुपोषणाने पाळी लांबते, तो भाग त्यांनी हिशोबात धरला होता). आणि पाळी येईपर्यंत लग्न सहसा होत नाही. म्हणजे उशिरा पाळी आलेल्या मुलीला नशिबाने एखादं-दोन वर्षं जास्त मिळतात. त्या वर्षांचं मोल किती? लग्न एक वर्ष लांबलं की शिक्षण सरासरी ०.२२ वर्षाने आणि साक्षरता ५.६ टक्क्यांनी वाढते, असा हिशोब २००८ साली त्यांनी मांडला. आकडे लहान दिसतात, पण घरची परिस्थिती बाजूला काढूनही ते उरतात, म्हणून महत्त्वाचे.

मग लग्नं लवकर का होतात? अज्ञान, रूढी ही ठरलेली उत्तरं. पण दुष्काळाचा अभ्यास वेगळीच गोष्ट सांगतो. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत मुलाकडचे मुलीच्या घरी पैसे किंवा गुरं देतात. तिथे पाऊस हुकला की त्या वर्षी अल्पवयीन मुलींचं लग्न होण्याची शक्यता सुमारे ३ टक्क्यांनी वाढते. भारतात हुंडा मुलीकडच्यांनी द्यायचा असतो. इथे त्याच दुष्काळात ती सुमारे ४ टक्क्यांनी कमी होते. ढग तेच, पैसा फिरतो तो उलट्या दिशेने. अडाणी म्हणून ज्यांना आपण मोडीत काढतो, ती माणसं चोख हिशोब करत असतात.

हिशोबच असेल तर तो बदलता येतो का? हरियाणा सरकारने १९९४ साली मुलीच्या नावे रोखे ठेवायला सुरुवात केली. ती १८ वर्षांपर्यंत अविवाहित राहिली तर सुमारे २५ हजार रुपये मिळणार. त्या मुली अठरा वर्षांच्या झाल्यावर तपासणी झाली तेव्हा लग्नाच्या वयात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. अनेक घरांनी तो पैसा लग्नाच्या खर्चाची तरतूद म्हणूनच पाहिला होता. याउलट बांगलादेशात १५ ते १७ वर्षांच्या मुलीच्या घरी, तिचं लग्न झालेलं नसेल तोवर, दर चार महिन्यांनी चार लिटर खाद्यतेल दिलं गेलं. वर्षाची किंमत साधारण १६ डॉलर. दोन वर्षं हे तेल मिळण्यास पात्र असलेल्या मुलींमध्ये अल्पवयीन लग्नं १९ टक्क्यांनी घटली. त्याच प्रयोगात इतर गावांत मुलींच्या सक्षमीकरणाचे वर्ग घेतले होते. लग्नांवर त्यांचा परिणाम शून्य.

एवढ्याशा तेलाने काय होतं, असं कुणालाही वाटेल. संशोधकांचं स्पष्टीकरण असं, की मुलगी सतराव्या वर्षी घरी असली की वरपक्षाला शंका येते: हिच्यात काही खोट आहे का, ही फार मोकळी वागते का? म्हणजे लवकर लग्न ही चांगल्या चालीची खूण होऊन बसते आणि थांबणं महाग पडतं. तेलामुळे थांबायला एक साधं, सांगण्याजोगं कारण मिळालं. अनेक घरं थांबली तशी थांबण्यातली शंका विरली, आणि ज्यांना तेल मिळत नव्हतं अशा काही मुलींचीही लग्नं लांबली. आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या झोम्बा जिल्ह्यातला अनुभवही असाच बुचकळ्यात टाकणारा आहे. शाळेत जाण्याच्या अटीवर पैसे दिले तेव्हा शिक्षण जास्त सुधारलं; विनाअट दिले तेव्हा लग्नं आणि गरोदरपणं जास्त घटली, कारण शाळा सुटलेल्या मुलींच्या हातातही पैसे राहिले. ज्यांना सर्वांत जास्त धोका, त्यांनाच अट बाहेर ढकलत होती.

कायद्याचं काम यात दुय्यम आहे असं मी म्हणणार नाही. तो हवाच, आणि त्यातल्या पळवाटा श्रीमंत देशांतही होत्या: इंग्लंड-वेल्समध्ये आईवडिलांच्या संमतीने सोळाव्या वर्षी लग्न करण्याची मुभा २०२३ मध्ये बंद झाली. पण कायद्याला वय सिद्ध करावं लागतं, आणि जगात पाच वर्षांखालच्या सुमारे १५ कोटी मुलांची जन्मनोंदच झालेली नाही.

युनिसेफच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे १ कोटी २० लाख मुलींची लग्नं अठराव्या वर्षाआधी होतात. प्रमाण घटतं आहे. दशकापूर्वी जवळपास चारांत एक होतं, आता पाचांत एक आहे. हे प्रमाण काढतात ते २० ते २४ वयाच्या स्त्रियांना लग्नाचं वय विचारून. पंधरा वर्षांच्या मुलीला विचारून उपयोग नाही, तिचं लग्न उद्याही होऊ शकतं. त्यामुळे हा आकडा ताऱ्याच्या उजेडासारखा उशिरा पोचतो. करोनाच्या काळात शाळा बंद झाल्या तेव्हा, २०३० पर्यंत आणखी १ कोटी मुलींवर बालविवाहाची वेळ येऊ शकते, असा इशारा युनिसेफने दिला होता. २०२० मध्ये जिचं चौदाव्या वर्षी लग्न लागलं, ती वीस वर्षांची होऊन या मोजणीत पहिल्यांदा दिसणार ती २०२६ मध्ये.