पायरीवार उकल

पायरीवार उकल : गणिताचे उदाहरण प्रत्येक ओळ आधीच्या ओळीतून निघेल अशा रीतीने सोडवण्याची पद्धत. पुण्यात मुख्यालय असलेल्या राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षांत उत्तर चुकले तरी बरोबर पायऱ्यांचे गुण मिळतात. दहावीला बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा असून त्यात चौकटी भरून ‘कृती पूर्ण करा’ असे प्रश्नही असतात.

वर्गसमीकरणासाठी अवयव, पूर्ण वर्ग व सूत्र या तीन रीती प्रचलित आहेत. पूर्ण वर्गाच्या शालेय रीतीत प्रथम वर्गपदाच्या सहगुणकाने भागतात आणि तेथूनच अपूर्णांकांची कटकट सुरू होते. प्राचीन भारतीय गणिती श्रीधराचार्यांचा नियम ती टाळतो : दोन्ही बाजूंना सहगुणकाच्या चौपटीने गुणावे, मग मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवावा. उदा., २क्ष² + ५क्ष = ३. आठने गुणून १६क्ष² + ४०क्ष = २४; २५ मिळवून (४क्ष + ५)² = ४९; म्हणून ४क्ष + ५ = ±७ आणि क्ष = १/२ किंवा −३. श्रीधरांचा काळ विवाद्य असून बहुधा आठव्या-नवव्या शतकातील मानतात. त्यांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही. हा नियम भास्कराचार्यांनी (जन्म १११४) उद्धृत केल्यामुळे टिकला. भास्कराचार्यांचा बीजगणित हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रम या प्रकाशनसंस्थेने कृष्णदैवज्ञांच्या भाष्यासह १९३० मध्ये छापला.

त्याच ग्रंथात माकडांचे उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग गुहेत गेला, एक माकड फांदीवर उरले; तर कळपात माकडे किती? उकली ५० व ५ येतात. पण पाचाचा पाचवा भाग उणे तीन ही संख्या ऋण होते, म्हणून भास्कराचार्य ५ नाकारतात. ‘लांबी ऋण नसते, म्हणून क्ष ≠ −३’ ही विद्यार्थ्यांकडून हमखास गळणारी ओळ याच जातीची.

अवकलन (राशीच्या बदलाचा तात्कालिक दर काढणे) अकरावीपासून येते. मूळ व्याख्येवरून क्ष² चे अवकलन करताना [(क्ष + ह)² − क्ष²] ÷ ह = (२क्षह + ह²) ÷ ह = २क्ष + ह, आणि ह शून्याकडे जाताना सीमा (राशी ज्या किमतीकडे जाते ती) २क्ष. ‘ह ≠ ०’ असल्यानेच ह ने भागता येते. आधीच ह = ० घातले, तर शून्य भागिले शून्य उरते.

अवकलनाच्या या कल्पनेचे मूळ भास्कराचार्यांत आहे का, हा जुना वाद. काशीचे गणिती बापूदेव शास्त्री यांनी १८५८ मध्ये तसे प्रतिपादन केले; इंग्रज गणिती विल्यम स्पॉटिसवुड यांनी अल्पावधीतच त्याला आक्षेप घेतला. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत (११५०) ग्रहाची तात्कालिक गती काढताना ज्या (साइन) या राशींमधील फरक कोटिज्येच्या (कोसाइनच्या) प्रमाणात घेतला आहे आणि फल (ग्रहाच्या मध्यम स्थानाला करायची दुरुस्ती) परम म्हणजे सर्वांत मोठे असते तेथे गतिफल (गतीतील दुरुस्ती) शून्य असते, असेही म्हटले आहे. मात्र कोटिज्येवर आधारलेला गतीचा नियम ज्योतिर्विद मंजुलाच्या लघुमानस या ग्रंथातही (सुमारे ९३२) आढळतो, त्यामुळे अग्रमान भास्कराचार्यांना देणे कठीण. नियम दोघांकडे आहे, परंतु सीमेची स्वतंत्र व्याख्या दोघांकडेही नाही. स्पॉटिसवुड यांचा आक्षेप तेवढ्यापुरता ग्राह्य वाटतो. परम फलाच्या विधानाचे महत्त्व त्याने कमी होत नाही.

  राज्याची शालेय पाठ्यपुस्तके १९६७ मध्ये स्थापन झालेली बालभारती तयार करते.