फ्यूजिंग

कापडाच्या उलट्या बाजूस, एका अंगाला रेझिनाचे (उष्णतेने वितळून चिकटणाऱ्या पदार्थाचे) ठिपके असलेले आधार-कापड उष्णतेने व दाबाने चिकटवण्याची शिवणकामातील क्रिया. कॉलर, कफ, बटणपट्टी, ब्लाउजचा गळा यांना त्यामुळे ताठपणा येतो. या कापडाला शिंपी बक्रम, कॅनव्हास किंवा पेस्टिंग म्हणतात.

‘बक्रम’ हे नाव मराठीत इंग्रजीवाटे आले असावे. त्यामागचे मूळ मात्र वादग्रस्त आहे. जुन्या फ्रेंच ‘बोकरां’ व इटालियन ‘बुकेरामे’ या रूपांचा संबंध बहुतेक कोशकार बुखारा शहराशी जोडतात. काहींनी तो ‘भोके पाडणे’ या अर्थाच्या ‘बुकेरारे’ या इटालियन क्रियापदाशी, म्हणजे विरळ विणीशी, लावला आहे. पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. मध्ययुगात या नावाचे कापड कडक नव्हे, तर तलम होते, हे येथे ध्यानात घ्यावे. मार्को पोलोने मुत्फिली राज्यातील (हे सामान्यतः आंध्र किनाऱ्यावरील मोटुपल्ली मानतात) अशा कापडाला कोळिष्टकाची उपमा दिली आहे. खळ दिलेल्या जाड कापडाचा अर्थ नंतरचा.

पूर्वी आधार-कापड टाक्यांनीच धरत; उत्तम कोटांच्या छातीत घोड्याच्या केसांचा कॅनव्हास आजही हाताने टाचतात. साधारण १९३० च्या दशकात अमेरिकेत बेंजामिन लिबोविट्झ यांच्या ‘ट्रूबेनाइझिंग’ पद्धतीत सेल्युलोज ॲसिटेटचे धागे असलेला मधला थर कॉलरच्या पदरांशी एकजीव केला जाई.

सध्या रेझीन म्हणून धुण्याच्या शर्टांसाठी जास्त घनतेचे पॉलिएथिलीन, तर ड्रायक्लीनच्या कपड्यांसाठी पॉलिअमाइड वापरतात. तापमान बहुधा १२० ते १६० अंश से., वेळ १० ते २० सेकंद. यंत्राच्या काट्यावरचा आकडा निर्णायक नसतो. दोन थरांमधील रेझीन किती तापले ते महत्त्वाचे, म्हणून तेथे उष्णतेने रंग बदलणारी कागदी पट्टी ठेवून तपासतात. उष्णता कमी पडली तर पकड येत नाही. जास्त झाली तर रेझीन कापडाच्या सुलट बाजूवर उतरते. धुतल्यावर येणाऱ्या फुग्यांचा दोष सहसा चिकटवण्यावर टाकला जातो. परंतु पकड चांगली असूनही कापड व बक्रम कमीजास्त आटले तर फुगे येतातच. म्हणून आटणारे सुती कापड आधी भिजवून वाळवणे आवश्यक ठरते.

घरगुती इस्त्री सरकवत नेऊ नये. एकेका जागी दाबून उचलावी. तुकडा थंड होईपर्यंत सपाटच ठेवावा, कारण गरम असताना वाकवल्यास पकड सुटते.