हवामान पाहिलं, पण डोंगराची स्थिती पाहिली का?

३ जुलै २०२२ रोजी इटलीतल्या मार्मोलाडा शिखरावर छान ऊन होतं. वादळ नव्हतं. दुपारी हिमनदीचा एक मोठा तुकडा सुटून कोसळला आणि ११ जण गेले. आदल्या दिवशी माथ्यावर सुमारे १० अंश सेल्सिअस तापमान होतं. चढाईला ‘चांगलं हवामान’ म्हणतात तसाच तो दिवस होता, पण डोंगर चढण्याच्या स्थितीत नव्हता.

हवामान ही हवेची गोष्ट आहे: येत्या काही तासांत वारा किती, ढग किती, पाऊस-बर्फ पडणार की नाही. डोंगराची स्थिती म्हणजे पायाखाली काय आहे: बर्फ किती घट्ट आहे, भेगा कुठे उघडल्यात, त्यांच्यावरचे बर्फाचे पूल अजून टिकून आहेत का. हवामान दुपारपर्यंत पालटतं, तर स्थिती आठवडेच्या आठवडे साचत जाते. म्हणूनच मोसमाच्या सुरुवातीला आणि शेवटी अंदाज अगदी सारखा असला, तरी वाट तीच राहत नाही. आणि उघड्या भेगा दिसतात तरी. मला जास्त धास्ती वाटते ती ताज्या बर्फाची. तो भेगेवर पातळ पांघरूण घालतो, त्यात वजन पेलण्याची ताकद नसते आणि वरून सगळं सपाट दिसतं.

दोन्ही गोष्टी जिथे एकमेकींना भेटतात, ती म्हणजे आदली रात्र. आकाश मोकळं असेल तर बर्फ आपली उष्णता वर सोडून देतो आणि हवा शून्याच्या किंचित वर असली तरी त्याचा पृष्ठभाग गोठू शकतो. ढगाळ रात्री तो मऊच राहतो आणि पहाटेही बर्फाच्या पुलांचा भरवसा देता येत नाही. त्यामुळे अंदाज उघडल्यावर मी चढाईच्या दिवसाच्या सूर्याच्या चित्राआधी आदल्या रात्रीचे ढग आणि शून्य अंशाची उंची (म्हणजे ज्या उंचीवर हवेचं तापमान शून्यावर येतं ती) पाहतो. २५ जुलै २०२२ ला स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याने ही उंची ५,१८४ मीटर नोंदवली. म्हणजे आल्प्समधल्या सगळ्यात उंच माथ्याच्याही वर!

स्थिती मोबाइलच्या अंदाजात सापडत नाही. ती वाटेवर गिर्यारोहक मुक्काम करतात त्या झोपडीच्या रखवालदाराला, गाइडना, रेंजरना माहीत असते. त्यांची नोंद वाचताना आधी तारीख बघा. उकाड्याचे दिवस असतील तर आठवड्यापूर्वीची नोंद शिळी झालेली असते. गेल्या वर्षीचा जीपीएस ट्रॅक तर त्याहून फसवा, कारण हिमनदी सतत सरकत असते.

परवान्याचंही असंच. अमेरिकेतल्या माउंट रेनियरवर हिमनदीवर पाऊल ठेवायचं किंवा १०,००० फुटांच्या वर जायचं तर चढाईचा परवाना लागतो, आणि एकट्याने जायचं असेल तर वेगळी मंजुरी आधीच घ्यावी लागते. हे नियम जायच्या बऱ्याच आधी वाचून ठेवावेत. पण परवाना हातात आला म्हणजे वाट सुरक्षित आहे असं कुणी लिहून दिलेलं नसतं. रेंजरच्या खिडकीपाशी उभे आहातच, तर विचारून घ्या: वरून शेवटची टीम कधी उतरली, आणि किती वाजता उतरली?