अणुकेंद्रकातून काय बाहेर पडते आणि किती ऊर्जेनिशी

अस्थिर अणुकेंद्रकाला वय नसते. पृथ्वीच्या जन्मापासून टिकून राहिलेले थोरियमचे केंद्रक आजवर फुटले नाही, म्हणून आता त्याची वेळ जवळ आली आहे असे म्हणता येत नाही. पुढच्या क्षणी त्याचा ऱ्हास, म्हणजे कण बाहेर टाकून दुसऱ्या केंद्रकात रूपांतर, होण्याची शक्यता साडेचार अब्ज वर्षांपूर्वी जेवढी होती तेवढीच आजही आहे. एखादे केंद्रक कधी फुटेल हे सांगता येत नाही, मात्र कोट्यवधी केंद्रकांपैकी निम्मी किती काळात फुटतील हे नेमके सांगता येते आणि त्या काळालाच अर्धायुष्य म्हणतात. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवसांचे आहे. म्हणजे १६ दिवसांनी त्याचा चौथा हिस्सा उरतो आणि ८० दिवसांनी सुमारे हजारावा. पदार्थ तापवला, दाबाखाली ठेवला किंवा दुसऱ्या मूलद्रव्याशी त्याचे संयुग केले, तरी या वेगात जवळजवळ काहीच फरक पडत नाही, कारण या सगळ्या उलाढाली अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपुरत्या असतात.

ऱ्हासाच्या वेळी बाहेर पडणाऱ्या प्रारणांना अल्फा, बीटा आणि गॅमा ही नावे मिळाली तेव्हा ती नेमकी काय आहेत हे पुरते ठाऊक नव्हते. युरेनियमच्या किरणांमध्ये सहज अडणारे आणि अधिक भेदक असे दोन प्रकार आहेत, हे रदरफोर्ड यांनी १८९९ मध्ये दाखवले. तिसरा आणि सर्वांत भेदक प्रकार १९०० मध्ये व्हिलार यांना आढळला. अल्फा कण म्हणजे हेलियमचे केंद्रक, याचा निर्णायक पुरावा रदरफोर्ड आणि रॉइड्स यांनी १९०९ मध्ये दिला. त्यांनी रेडॉन वायू अतिशय पातळ भिंतीच्या काचेच्या नळीत बंद केला. ही भिंत इतकी पातळ होती की अल्फा कण तिच्यातून आरपार जात, पण वायू मात्र आतच राही. बाहेरच्या निर्वात केलेल्या नळीत जमलेल्या वायूतून काही दिवसांनी विद्युत विसर्ग सोडला, तेव्हा वर्णपटात हेलियमच्या रेषा उमटल्या.

अल्फा कणाने मात्र वेगळाच पेच उभा केला. कण कमी ऊर्जेने निघत असेल तर अर्धायुष्य दीर्घ आणि जास्त ऊर्जेने निघत असेल तर अल्प, असे दिसत होते, पण हे प्रमाण चक्रावून टाकणारे होते. थोरियम-२३२ मधून अल्फा कण सुमारे ४० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगात वापरायचे ऊर्जेचे एकक) ऊर्जेने निघतो आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षे आहे. एका केंद्रकातून दुसरे, त्यातून तिसरे अशा त्याच्या ऱ्हासाच्या साखळीत पुढे येणाऱ्या पोलोनियम-२१२ च्या अल्फा कणाची ऊर्जा ८८ लाखांच्या आसपास आहे आणि अर्धायुष्य सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या तिप्पट. ऊर्जा दुपटीहून थोडी अधिक, तर काळातला फरक एकावर चोवीस शून्ये इतका. शिवाय केंद्रकाभोवती विद्युत प्रतिकर्षणाचा जो अडथळा असतो त्याची उंची कणाच्या ऊर्जेपेक्षा कितीतरी जास्त असते, त्यामुळे जुन्या भौतिकशास्त्राच्या नियमांनी तो कण बाहेर पडायलाच नको. १९२८ मध्ये गॅमॉव्ह यांनी आणि स्वतंत्रपणे गर्नी व कॉन्डन यांनी पुंजयामिकीच्या, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या वर्तनाच्या नव्या नियमांच्या, आधारे दाखवले की कण अडथळा ओलांडत नाही, तर त्याच्या आरपार जाण्याची त्याला अत्यल्प पण शून्य नसलेली शक्यता असते. ऊर्जा थोडी वाढली की पार करायचा अडथळा अरुंद होतो आणि ही शक्यता प्रचंड पटीने वाढते.

बीटा ऱ्हासाची अडचण याहून गंभीर होती. यात केंद्रकातील एका न्यूट्रॉनाचा प्रोटॉन होतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. आधीचे आणि नंतरचे केंद्रक ठरलेले असल्यामुळे इलेक्ट्रॉनाची ऊर्जाही ठरलेली असायला हवी. पण चॅडविक यांना १९१४ मध्ये ती शून्यापासून एका कमाल मर्यादेपर्यंत कितीही असू शकते असे आढळले. उरलेली ऊर्जा आजूबाजूच्या पदार्थातच कुठेतरी मुरत असेल, ही शंका एलिस आणि वुस्टर यांनी १९२७ मध्ये निकालात काढली. बिस्मथ-२१० चा नमुना उष्णतामापीत ठेवून त्यांनी दर ऱ्हासामागे निर्माण होणारी उष्णता मोजली. ती कमाल ऊर्जेइतकी, म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर न भरता सरासरीइतकी, सुमारे साडेतीन लाखच भरली. बाकीची ऊर्जा खरोखरच गायब होत होती. बोर यांच्यासारखा शास्त्रज्ञ ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच सोडून द्यायला तयार झाला होता, यावरून पेच किती खोल होता ते कळते. पाउली यांनी डिसेंबर १९३० मध्ये एका पत्रातून सुचवले की इलेक्ट्रॉनाबरोबर विद्युतभार नसलेला, कोणत्याही उपकरणाला न सापडणारा एक हलका कण ऊर्जेचा वाटा घेऊन जातो. फर्मी यांनी त्यावर सिद्धान्त उभारला, त्याला न्यूट्रिनो म्हटले आणि १९५६ मध्ये रायन्स व कोवन यांनी अणुभट्टीजवळ तो पकडला. काटेकोरपणे सांगायचे तर तो प्रतिन्यूट्रिनो, म्हणजे न्यूट्रिनोचा प्रतिकण, होता.

गॅमा किरणांमध्ये असे रहस्य नव्हते. अल्फा किंवा बीटा ऱ्हासानंतर नवे केंद्रक पुष्कळदा उत्तेजित अवस्थेत असते आणि उरलेली ऊर्जा प्रकाशाच्याच जातीच्या, पण अतिशय तीव्र अशा प्रारणाच्या रूपाने टाकते. कोबाल्ट-६० मधून मिळणारे गॅमा किरण अशा रीतीने निकेलच्या केंद्रकातून येतात.

कोणते प्रारण किती घातक हे केवळ भेदकतेवर ठरत नाही. अल्फा कण कागदाने किंवा त्वचेच्या बाहेरील मृत थराने अडतात, परंतु त्यांचा उत्सर्जक श्वासाबरोबर फुप्फुसात गेला तर सारी ऊर्जा काही पेशींच्या टप्प्यातच खर्च होते आणि तेथे ते सर्वांत अपायकारक ठरतात.

हे सारे उत्सर्जन अनुभवण्यासाठी युरेनियमच्या खाणीत जावे लागत नाही. निसर्गातील पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू पोटॅशियम-४० चा असतो आणि प्रौढ माणसाच्या शरीरात त्याचे दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास ऱ्हास होत असतात. दहापैकी जवळपास नऊ वेळा त्यातून बीटा कण निघून कॅल्शियम बनते आणि इलेक्ट्रॉन शरीरातच थांबतो, तर प्रतिन्यूट्रिनो बाहेर निघून जातो. उरलेल्या वेळी केंद्रक अणूतलाच एक इलेक्ट्रॉन गिळते, ऑर्गॉन तयार होतो आणि बहुतेकदा १४.६ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा गॅमा किरण निघतो. तो बऱ्याचदा शरीराबाहेर पडतो, त्यामुळे माणसाला संवेदकाजवळ नुसते बसवून असे किरण मोजले की त्याच्या शरीरात एकूण किती पोटॅशियम आहे हे काढता येते.